दिवाळीच्या तोंडावर आलेली यादी

हा अंक छापखान्यात जात असताना ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आकाशकंदील लागू लागले होते आणि मंत्रालयातून चाळीस दुष्काळी तालुक्यांची यादी बाहेर पडली होती. तारीख ३१ ऑक्टोबर २०२३. पंधरा जिल्ह्यांतले २४ तालुके गंभीर दुष्काळाचे, १६ मध्यम. धनत्रयोदशीला उरले होते जेमतेम दहा दिवस.

पाच वर्षांपूर्वीही तारीख हीच होती. ३१ ऑक्टोबर २०१८ ला १५१ तालुके जाहीर झाले आणि सात नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. हा योगायोग नाही. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेप्रमाणे खरिपाच्या दुष्काळाचा निर्णय ऑक्टोबर सरता सरता घ्यायचा असतो. आधी पावसाची तूट आणि खंड मोजायचा, मग पीक, जमिनीतली ओल, धरणं, भूजल पाहायचं आणि शेवटी शिवारात जाऊन खातरजमा करायची. म्हणजे शहरं उटणं आणि फराळाच्या खरेदीत असतात, नेमक्या त्याच आठवड्यात पुढचा उन्हाळा कुणाला किती जड जाणार ते कागदावर उतरतं.

दुष्काळ म्हटलं की डोळ्यांपुढे वैशाख येतो. टँकरभोवतीच्या घागरी, भेगाळलेला तळ. पण २०२३ चा दुष्काळ ऑगस्टातच पडला. देशात १९०१ पासून नोंदी आहेत, त्यांत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. मराठवाड्यात सोयाबीन फुलावर होतं, शेंगा धरायच्या बेतात होतं आणि पावसाने पाठ फिरवली. सप्टेंबरात पुन्हा सरी आल्या, तोवर अनेक शेतांत दाणा भरायची वेळ निघून गेली होती. प्रशांत महासागरातला एल निनो २०२४ च्या सुरुवातीपर्यंत टिकेल, असा हवामानशास्त्रज्ञांचा तेव्हा अंदाज होता. हस्त आणि चित्रा नक्षत्रांच्या पावसावर रब्बीची ज्वारी आणि हरभरा उभा राहतो. तीच ओल कमी पडली तर माणसांच्या भाकरीबरोबर जनावरांचा कडबाही जातो, आणि कडबा गेला की बैल बाजारात उभे राहतात.

ऑक्टोबरची आणखी एक तारीख गोदावरीकाठी पाठ असते. १५ ऑक्टोबरला जायकवाडी धरणात उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला, तर नगर-नाशिकच्या धरणांतून खाली पाणी सोडायचं, असं समन्यायी वाटपाचं सूत्र तेव्हा होतं. २०२३ मध्ये ती वेळ आली. ३० ऑक्टोबरला ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि वरच्या व खालच्या शेतकऱ्यांमधला जुना वाद पुन्हा पेटला.

त्या चाळीस तालुक्यांच्या यादीत एक नाव वाचताना बोट थांबतं. मिरज. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला रेल्वेने पाणी गेलं ते याच मिरजेतून. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी होतं. ज्या गावाने पाणी पाठवलं, त्याचाच तालुका २०२३ मध्ये दुष्काळी ठरला. पाण्याच्या बाबतीत कुणी कायमचा दाता नसतो.

ठाण्यालाही हे ठाऊक असायला हवं. २०१५ च्या अपुऱ्या पावसानंतर ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरच्या नळांना आठवड्यातले काही दिवस सक्तीची सुट्टी होती. २०१६ च्या उन्हाळ्यात नांदेडच्या मुखेड तालुक्यातली कुटुंबं घाटकोपरच्या भटवाडीत मैदानावर पालं ठोकून राहिली. २०२३ मध्ये कोकणातल्या पावसाने शहरांना हात दिला. तरी ज्या शहापूर तालुक्यातलं भातसा धरण ठाण्या-मुंबईची तहान भागवतं, त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. धरण नजरेच्या टप्प्यात आणि बाईच्या डोक्यावर हंडा, हे चित्र पन्नास किलोमीटरवर असताना दुष्काळाला 'मराठवाड्याचा प्रश्न' म्हणणं बरोबर नाही.

वागळे इस्टेटचं तर या यादीशी घरचं नातं आहे. एमआयडीसीच्या अगदी पहिल्या वर्षांतली ही वसाहत. किसननगर, श्रीनगर, लोकमान्यनगरच्या चाळींत सातारा, सांगली, सोलापूर, बीडकडची माणसं राहिली, लेथवर उभी राहिली, आणि गावी मनीऑर्डर करत राहिली. बहात्तरच्या दुष्काळात गावाकडे माणसं खडी फोडत होती, तेव्हा त्या मनीऑर्डरींवर कित्येक चुली पेटल्या. आता कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, मनीऑर्डरीची जागा मोबाइलने घेतली. पैसे मात्र अजून त्याच दिशेला जातात.

म्हणून यादीचा बारीक टाइप या वस्तीने वाचायला हवा होता. जाहीर झालेल्या तालुक्यांत तेव्हा जमीन महसुलात सूट होती, पीककर्जाचं पुनर्गठन होतं, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत होती आणि विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी होती. ठाण्यात खोली घेऊन शिकणाऱ्या, गावाकडच्या पैशावर भागवणाऱ्या मुलांनी ही माफी आपल्याला मिळते का, हे महाविद्यालयात विचारायची ती वेळ होती.

एक आक्षेप मात्र नोंदवायलाच हवा. तालुका हे माप फार मोठं आहे. एकाच तालुक्यात एका महसूल मंडळात ओढा वाहतो आणि दुसऱ्यात विहीर तळ गाठते. चाळीस तालुक्यांच्या बाहेर राहिलेल्या मंडळांचा स्वतंत्र विचार करू, असं सरकारने तेव्हा म्हटलं होतं. तो निर्णय लौकर होणं गरजेचं होतं, कारण दिवाळी सरली की ऊसतोडीच्या गाड्या भरू लागतात, आणि त्यात बसलेल्या पोरांची शाळा तेव्हाच सुटलेली असते.