मीम नको, आरतीही नको

रोहित शर्माच्या टेस्ट बॅटिंगचा विषय निघाला की कॉलेजच्या कट्ट्यावर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी त्याच्या पोटावरचे मीम्स फॉरवर्ड करते. दुसरी म्हणते, 'हिटमॅनबद्दल एक शब्द बोलायचा नाही!' तुम्ही कोणत्याही पार्टीत असा, एकदा शांतपणे आकडे बघा.

२०२४ च्या शेवटी, ऑस्ट्रेलियात, पाच डाव : ३, ६, १०, ३, ९. एकूण धावा ३१. पाचपैकी चार वेळा विकेट पॅट कमिन्सची. त्याच्या जेमतेम आधी न्यूझीलंडविरुद्ध घरच्या मैदानांवर सहा डावांत ९१ धावा, आणि ती सिरीज आपण ३-० ने हरलो. याला 'एखादा बॅड पॅच' म्हणणं जरा जास्तच झालं.

मग तो आळशी झाला होता का? अजिबात नाही. जून २०२४ मध्ये याच कॅप्टनने टी-२० वर्ल्ड कप जिंकला. मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलला ७६ ठोकल्या. पण टेस्टमधल्या ओपनरची परीक्षा वेगळी असते. तिथे कोणता बॉल मारायचा, याच्याआधी कोणता सोडायचा, हे कळावं लागतं. २०२१ मध्ये इंग्लंडमध्ये रोहित हेच मस्त करत होता. बॉल अंगाजवळ येऊ द्यायचा, बाहेरचे सोडून द्यायचे. ओव्हलवरचे १२७ असेच आले. सदतिसाव्या वर्षी नेमकं तेच हातातून निसटलं. पोटाचा त्याच्याशी काय संबंध?

आता दुसऱ्या पार्टीसाठी. फॉर्म परत येतो, मान्य. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाचा कॅप्टन आणि ओपनर मार्क टेलर २१ डाव अर्धशतकाविना खेळला आणि मग एजबॅस्टनला त्याने १२९ केल्या. पण कॅप्टनची वाट बघण्याची किंमत कोण मोजतं, हेही विचारा ना राव. मेलबर्नला रोहित पुन्हा ओपनिंगला यावा म्हणून, ब्रिस्बेनला ८४ करणाऱ्या के. एल. राहुलला तिसऱ्या नंबरवर ढकललं. शुभमन गिल बाहेर बसला. कॅप्टन नसता तर ३, ६, १० करणाऱ्याला ही संधी मिळाली असती? मला नाही वाटत.

सिडनीला रोहित स्वतःच बाहेर बसला. माझ्या मते हा निर्णय एक टेस्ट उशिरा आला, पण तो घ्यायला हिंमत लागते. त्याच महिन्यात तो बीकेसीच्या मैदानावर मुंबईकडून जम्मू-काश्मीरविरुद्ध रणजी खेळला. ३ आणि २८. मोठी खेळी नाही झाली, पण वर्ल्ड कप जिंकलेला माणूस रणजीत उतरला हे महत्त्वाचं. ७ मे २०२५ ला त्याने टेस्टला रामराम केला : ६७ टेस्ट, ४,३०१ धावा, १२ शतकं.

आता यशस्वी, गिल, राहुल यांच्याही वाट्याला असे दिवस येतील. तेव्हा मीम टाकण्याआधी किंवा आरती ओवाळण्याआधी एक सेशन नीट बघा. तो कोणते बॉल सोडतोय, ते मोजा. बोलायचंय ना? मग त्यावर बोला.