हातांनाही आठवते!

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला सायकल चालवता येते ना? मग सांगा पाहू : सायकल उजवीकडे कलू लागली, तर तोल सावरण्यासाठी हँडल कोणत्या बाजूला वळवावे? बरेच जण घाईने ‘डावीकडे’ म्हणतील. पण सायकलीवर बसल्यावर तुमचे हात ते उजवीकडेच, म्हणजे कलत्या बाजूलाच वळवतात. हातांना ठाऊक असलेले उत्तर तोंडाला ठाऊक नाही, अशी ही गंमत आहे!

सांगता न येणाऱ्या या आठवणीला अव्यक्त स्मृती म्हणतात. पाठ केलेल्या सनावळ्या सांगता येतात, ती व्यक्त स्मृती. या दोन्ही खरोखरच वेगळ्या आहेत का? हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या मेंदूवर १९५३ साली अपस्माराच्या विकारासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यात मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढला गेला. त्यानंतर घडलेली कोणतीही गोष्ट त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्याला फक्त आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात चांगला बसला, चुका कमी झाल्या. पण प्रत्येक वेळी त्याला वाटे, आपण हे काम प्रथमच करीत आहोत! मनाला पत्ता नसताना हात शिकला होता.

या प्रयोगांच्या कितीतरी आधी, शाळेत हातांना काय स्थान असावे हा प्रश्न आपल्या वर्ध्यात विचारला गेला होता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने योजना आखली : सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने. हीच ‘नई तालीम’. गांधीजींनी ती मेंदूविज्ञान वाचून मांडली नव्हती. पण हात हेही शिकण्याचे साधन आहे, हे त्यांनी ओळखले होते.

टकळीवर सूत कातून पाहा. पेळू किती सैल धरावा, पीळ किती द्यावा, हे पुस्तकात वाचून जमत नाही. सूत दहादा तुटते, आणि एके दिवशी तुटेनासे होते. काय बदलले, ते तुम्हाला सांगता येत नाही. मात्र सूत का तुटते, कापूस कुठे पिकतो, अमुक सुतात कापड किती होईल, हे समजून घ्यायला व्यक्त स्मृती हवीच. दोन्हींची सांगड घालणे हा नई तालीमचा गाभा होता.

आपल्या परीक्षा मात्र बहुतांशी सांगता येईल तेवढेच तपासतात. म्हणून प्रयोगाची कृती घोकली जाते आणि परीक्षानळी हातात येतच नाही. माझ्या मते हा निम्म्या बुद्धीवर अन्याय आहे.

आणखी एक धोका आहे. अव्यक्त मन परवानगी न विचारता शिकते, चांगले तसे वाईटही. वर्ग झाडायचे काम रोज मुलींकडेच आणि प्रयोगाचे साहित्य हाताळायचे काम रोज मुलांकडेच असेल, तर समतेचा धडा पाठ असूनही मन वेगळाच धडा गिरवत राहते. तो कुणी फळ्यावर लिहिलेला नसतो. म्हणून पुसायलाही कठीण जातो. सेवाग्राम आश्रमात सफाईचे काम सर्वांनी करण्याचा परिपाठ होता, त्याचे मोल इथे कळते.

तेव्हा शिक्षकहो, प्रयोगाचे साहित्य कपाटाबाहेर काढा, आणि झाडू व परीक्षानळी पाळीपाळीने सर्वांच्या हाती द्या. आणि मित्रहो, आजच एक चांदणी काढा, आरशात पाहून ती तीन दिवस गिरवा व रोजच्या चुका मोजा. आपण रोज जे करतो तेच आपल्यात मुरते, याचा पुरावा तुमच्याच वहीत मिळेल.