कोष्टकातील आकडा आणि वहीतील आकडा

पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश सेल्सिअस, हे वाक्य आपण इतके पाठ केलेले असते की पुष्कळ विद्यार्थी तापमापकातील पारा नीट पाहण्यापूर्वीच ते प्रयोगवहीत उतरवून मोकळे होतात. पुस्तकातील आकडा हाताशी असताना स्वतःच्या डोळ्यांना शीण कशाला द्यावा, असा त्यामागील विचार असतो. ही सवय दिसते तितकी निरुपद्रवी नाही, असे आम्हांस वाटते.

माळव्यातील धार व देवास ही गावे पवारांच्या संस्थानांमुळे मराठी घरांना परिचित आहेत. दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेली आहेत. तेथे हवेचा दाब किनाऱ्यावरच्या मानाने कमी असल्यामुळे शुद्ध पाणी ९८ अंशांच्या किंचित वर उकळू लागते. १०० हा आकडा पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतक्या दाबाचा आहे. ती अट गाळली की खरा आकडाही खोटा ठरतो. देवासच्या मुलाने ९८ लिहिले, तर त्याच्या तापमापकात दोष असू शकेल आणि तो अवश्य तपासावा. परंतु १०० लिहून त्याने पुस्तकाचा मान राखला, असे मात्र म्हणता येणार नाही.

धार येथील लोहस्तंभ हाच धडा अधिक विस्ताराने शिकवितो. परंपरेने या स्तंभाचा संबंध परमार राजा भोज याच्याशी जोडला जातो. लाट मशिदीच्या आवारात त्याचे तीन तुकडे आहेत; त्यांची लांबी अनुक्रमे सुमारे ७.३, ३.६ व २.३ मीटर, म्हणजे एकंदर १३ मीटरांहून अधिक भरते. मूळ स्तंभाचे वजन अदमासे ७,३०० किलोग्रॅम मानतात. एवढी वस्तू काट्यावर कोण चढविणार? अशा वेळी आकारमान मोजावयाचे आणि त्यास घनतेने गुणावयाचे. पण घनता कोणती घ्यावी? कोष्टकात लोखंडाची घनता दर घनसेंटिमीटरला ७.८७ ग्रॅम दिलेली असते. ती शुद्ध लोखंडाची. सर रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १९१२ साली दिल्लीच्या लोहस्तंभाच्या लोखंडाची परीक्षा केली, तेव्हा विशिष्ट गुरुत्व ७.८१ भरले. जुन्या भट्टीतील लोखंडात धातुमळीचे सूक्ष्म कण अडकून राहतात. धारच्या स्तंभाचे गणित एकदा या आकड्याने व एकदा त्या आकड्याने केले, तर वजनात सुमारे ५५ किलोंचा फरक पडेल.

गंजण्याविषयीही तसेच आहे. दमट हवेत लोखंड गंजते, हे आपण शिकतो. दिल्लीचा स्तंभ मात्र दीड हजारांहून अधिक वर्षे उघड्यावर उभा आहे. हॅडफील्ड यांना त्यात शेकडा ०.११४ स्फुरद आढळला. आजच्या साध्या पोलादात तो बहुधा शेकडा ०.०५ च्या आत ठेवतात, कारण त्याने पोलाद ठिसूळ होते. दिल्ली व धार या दोन्ही स्तंभांचा अभ्यास करणारे कानपूरच्या आय.आय.टी.तील डॉ. आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले की, हाच स्फुरद लोखंडावर संरक्षक थर बनण्यास साहाय्य करतो. एका कामी जो दोष, तोच दुसऱ्या कामी गुण. तेव्हा ‘लोखंडाचा गुणधर्म’ असे मोघम विचारून भागत नाही. कोणते लोखंड व कोणत्या हवेत, हे आधी सांगावे लागते.

भोजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या ग्रंथात, समुद्रातील लोहचुंबकी खडक ओढून घेतील म्हणून जहाजाच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, असे सांगितले आहे. चुंबक लोखंडास ओढतो हे खरे. पण किती अंतरावरून आणि किती जोराने, हे मोजल्यावाचून तो गुण भयास कारण झाला.

कोणी म्हणेल, प्रत्येक गोष्ट शाळेत कशी मोजता येईल? म्हणणे रास्त आहे. लांडोल्ट व ब्योर्नस्टाइन यांनी १८८३ साली जर्मनीत आणि केय व लॅबी यांनी १९११ साली इंग्लंडात पदार्थांच्या गुणधर्मांची कोष्टके प्रसिद्ध केली, ती असंख्य संशोधकांच्या श्रमांवर उभी आहेत. त्यांवर विश्वास ठेवणे हा शहाणपणाच होय. परंतु चांगल्या कोष्टकात आकड्याशेजारी तापमान, दाब व नमुन्याची शुद्धता यांचाही निर्देश असतो. आज संगणकावर आकडा क्षणात मिळतो. शेजारची ही टीप मात्र पुष्कळदा मागे राहते, आणि ती शोधण्याचे काम आपलेच असते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रयोगवहीत तीन रकाने आखावेत: पहिल्यात पुस्तकातील आकडा, दुसऱ्यात त्याची अट, तिसऱ्यात आपण स्वतः पाहिलेला आकडा. पहिला व तिसरा जुळले नाहीत, तर खाडाखोड न करता कारण शोधावे. गुरुजनांसही आमची नम्र विनंती आहे की, ९८ लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापण्यापूर्वी त्याला कारण विचारावे. ते त्याला सांगता आले, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत.