रद्दीची साखर होईल, पण रद्दी कुणाची?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. हे इथेनॉल येते कुठून? बहुतांश उसातून, मक्यातून आणि तांदळातून. ज्या देशात रेशनच्या रांगा संपलेल्या नाहीत, तिथे धान्य गाडीच्या टाकीत जाते आहे. म्हणून रद्दी कागदातून साखर काढून तिचे इंधन करावे, ही कल्पना कुणालाही पटेल. आम्हालाही पटते. पण ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या वस्त्यांमध्ये काम करताना, इंधनाच्या चर्चेत न येणारा एक प्रश्न आमच्यासमोर उभा राहतो. हा कागद आज कुणाच्या हातात आहे?

आधी थोडे विज्ञान. कागदाचा मुख्य भाग सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांब साखळी. ती आम्ल आणि उष्णतेने तोडता येते, किंवा एन्झाइमने. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. ते कुजवणारी बुरशी पुढे ट्रायकोडर्मा रीसेई या नावाने ओळखली गेली. तिच्याच एन्झाइमने त्या लष्कराच्या नेटिक प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात वर्तमानपत्रांच्या रद्दीचे ग्लुकोज करून दाखवले. आपल्याकडे माटुंग्याच्या आयसीटीने शेतीतल्या टाकाऊ काडीकचऱ्यापासून इथेनॉल बनवण्याचे तंत्र विकसित केले. पानिपतला २०२२ मध्ये सुरू झालेला पेंढ्यावरचा प्रकल्प पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रज्ञानावर उभा आहे. ऑफिसचा पांढरा कागद तर पेंढ्याहून सोपा, कारण त्यातले चिवट लिग्निन कागद बनतानाच काढलेले असते. तेव्हा विज्ञान अडत नाही. अडतो तो हिशोब.

एक टन रद्दीत ६०० किलो सेल्युलोज धरू आणि त्यातले ७० टक्के हाती लागले असे मानू. त्यातून साधारण ३०० लिटर इथेनॉल निघेल. सरकारने मक्याच्या इथेनॉलला लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे दर दिला होता. तोच धरला तरी टनाला साडेएकवीस हजार रुपये येतात. त्यातून एन्झाइम, वाफ, यंत्रे, पगार, कर्जाचे व्याज हे सगळे भागवायचे. रद्दी दहा-बारा रुपये किलोने विकत घ्यायची म्हटली, तर निम्मे पैसे पहिल्याच दिवशी संपले. म्हणजे प्रकल्प फायद्यात यायचा तर कागद फुकट किंवा जवळपास फुकट मिळायला हवा. आणि शहरात फुकट कागद देऊ शकणारी एकच संस्था आहे, महानगरपालिका. ती तो निविदेतून देईल.

आमची भीती इथे आहे. कागद फुकट नाही, त्यावर घरे चालतात. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर मराठवाड्यातून आलेल्या बौद्ध आणि मातंग कुटुंबांतल्या कितीतरी बायका इथे कचरा वेचू लागल्या. त्या पहाटे कागद वेचतात, पुठ्ठा वेगळा करतात, पावसाळ्यात तो घरात आणून सुकवतात, कारण ओल्या मालाला भंगारवाला भाव देत नाही. तिथून माल भिवंडीच्या गोदामात, पुढे वापीसारख्या ठिकाणच्या कागद गिरण्यांत जातो. या साखळीत सर्वात कमी पैसा पहिल्या हाताला मिळतो, पण मिळतो. आधारवाडीचे डम्पिंग २०२१ मध्ये बंद झाले, दिव्याचे २०२३ मध्ये. आगी आणि दुर्गंधी सोसलेल्या रहिवाशांसाठी ते व्हायलाच हवे होते. पण डम्पिंग बंद होताना तिथे वेचणाऱ्यांचे पुढे काय, याची चर्चा किती झाली?

काही तरुण मित्र म्हणतात, बाबासाहेबांनी घाणेरडी कामे सोडायला सांगितली, मग ही कामे टिकवण्यासाठी तुम्ही का भांडता? प्रश्न रास्त आहे, आणि याचे उत्तर चळवळीत अजून नीट मांडले गेलेले नाही. आमचे मत असे की काम सोडणे आणि काम हिसकावले जाणे यात फरक आहे. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि महापालिकेने तिच्याशी करार केला. त्या बाया घरोघरी जाऊन कचरा घेतात, सेवाशुल्क मिळवतात आणि विकाऊ मालावर त्यांचा हक्क राहतो. उकिरड्यावरून करारापर्यंतचा हा प्रवास काम सोडण्याच्या वाटेवरचाच टप्पा आहे. ठाणे-कल्याणात तो का होऊ नये?

२०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना ओळख देऊन व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. ऊर्जेसाठी कचरा वापरताना ‘पुनर्वापर न होणारा’ ही अटही त्यांत होती. साखरेच्या टाकीलाही हीच रेघ हवी. स्वच्छ रद्दी आणि पुठ्ठा वेचकांचा. टाकीत जाऊ द्या तेलकट खोके, टिश्यू, खरकटी कागदी प्लेट, आणि गिरण्यांतला तो गाळ ज्यातले तंतू पुनःपुन्हा वापरून इतके आखूड झाले की त्यांचा कागद होत नाही. तोही कमी नसतो.

दुसरी एक गोष्ट. असा कारखाना उभा राहील तो बहुधा एखाद्या एमआयडीसीत. आम्ल, वाफेचा दाब आणि ज्वालाग्राही इथेनॉल एका छताखाली येणार असेल तर डोंबिवलीकरांनी २०१६ आणि २०२४ चे स्फोट आठवावेत. भिंतीला लागून कुणाची वस्ती असते, हे वेगळे सांगायला नको.

सुक्या कचऱ्याचा कुठलाही ठेका निघाला की माहिती अधिकारात निविदेची प्रत मागा. विकाऊ कागदाची मालकी कुणाला दिली आहे, वेचकांची नोंदणी किती जणांची झाली आणि ठेकेदारावर त्यांना घेण्याची अट आहे का, एवढे तीन प्रश्न त्यात लिहा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.