शेगडी उलटी करून पाहा



आठवी-नववीला आपण एक विषय हमखास देतो: 'बाह्य रूप श्रेष्ठ की अंगचा गुण?' मुलं काय लिहिणार तेही आपल्याला पाठ असतं. मोर आणि कोकीळ, गुलाब आणि मोगरा, चकाकतं ते सगळं सोनं नसतं, आणि शेवटी 'म्हणून आपण गुणांची कदर केली पाहिजे'. दहापैकी सात गुण द्यायचे आणि पुढची वही घ्यायची. यात मुलांचा काही दोष नाही. मोर घ्यावा की कोकीळ, असा प्रश्न त्यांच्या घरात कधी आलेलाच नसतो. पण रूप की मजबुती हा प्रश्न घरात येतो, चांगले चार-सहा हजार रुपये मोजताना येतो, आणि त्याची वस्तू रोज तीन वेळा डोळ्यांसमोर असते. मी गॅसच्या शेगडीबद्दल बोलतेय.

आज दुकानात गेलात तर समोरच्या फळीवर काळ्याभोर काचेच्या शेगड्या दिसतील. त्यावर फुलांची नक्षी, तीन किंवा चार बर्नर, चंदेरी नॉब. स्टीलची साधी दोन बर्नरची शेगडी कुठेतरी खालच्या कप्प्यात धूळ खात पडलेली असते. दुकानदार काचेवर टकटक करून दाखवतो, 'बघा ताई, किती दणकट.' पण शेगडी उलटी करून कोणी दाखवत नाही, आणि आपणही सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की शेगडीचं खरं काम तिच्या पोटात चालतं आणि आपण पैसे मात्र तिच्या चेहऱ्याचे मोजतो.

पोटात काय चालतं ते बघू. रेग्युलेटरमधून गॅस फार कमी दाबाने येतो, दर चौरस सेंटिमीटरला साधारण 30 ग्रॅम इतक्याच. तो पितळेच्या जेटच्या सुईएवढ्या छिद्रातून वेगाने सुटतो आणि सुटताना आजूबाजूची हवा स्वतःबरोबर ओढून घेतो. पुढच्या नळीत गॅस आणि हवा मिसळतात, मिश्रण बर्नरच्या छिद्रांतून बाहेर पडतं आणि निळी ज्योत मिळते. हवा कमी पडली तर ज्योत पिवळी होते, भांड्याच्या बुडाला काजळी धरते, आणि खिडकी बंद असेल तर स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइडही साठू शकतो. म्हणजे जेट नळीच्या तोंडाशी अगदी सरळ रेषेत असणं, नळी हलत नसणं आणि बर्नरची टोपी खाली घट्ट बसणं, या तीन गोष्टींवर सगळा स्वयंपाक उभा आहे. यातली एकही गोष्ट समोरून दिसत नाही.

जाड पितळेचा बर्नर हातात घेतला की वजन कळतं. तो वर्षानुवर्षं तापून थंड होतो तरी सहसा वाकत नाही. पातळ पत्र्याचा किंवा हलक्या मिश्रधातूचा बर्नर दोन-तीन वर्षांत वेडावाकडा होतो, टोपी नीट बसत नाही आणि कडेच्या फटीतून ज्योत बाहेर येते. खालची नळी दोन स्क्रूंनी पक्की केलेली आहे की नुसती अडकवलेली, हेही उलटी केल्यावरच कळतं.

आणि भांडं टेकवायचा स्टँड! या एका गोष्टीवर मला थांबायचंय, कारण इथे प्रश्न पैशांचा राहत नाही. दिवाळीचा फराळ डोळ्यांसमोर आणा. लोखंडी कढई, तिच्यात दोन-अडीच लिटर तेल, आणि चकल्यांचा घाणा दोन तास सुरू. झाऱ्याने चकली उलटताना कढईला धक्का बसतोच. जाड, चारही पाय पक्के टेकलेला स्टँड असेल तर कढई जागची हलत नाही. पण नव्या शेगड्यांवर बऱ्याचदा पातळ सळीचा स्टँड असतो, आणि तो गुळगुळीत काचेवर नुसता ठेवलेला असतो. तो सरकतो. शेजारी 'आई, एक दे ना' म्हणत उभं असलेलं पोर असतं. अशा वेळी काचेवरची नक्षी कोणाच्या कामाची?

तीन-चार बर्नरचंही तसंच. अडीच फुटांच्या शेगडीवर चार बर्नर बसवले की ते एकमेकांच्या इतके जवळ येतात की एकावर कुकर आणि शेजारी कढई ठेवली तर दोन्ही तिरकी बसतात. पुरणपोळीचा तवा ठेवला तर शेजारचा बर्नर झाकूनच जातो. माझा सल्ला वेडगळ वाटेल, पण शेगडी घ्यायला जाताना घरातला सगळ्यात मोठा तवा पिशवीत घालून न्या. दुकानदार हसला तर हसू द्या.

आता काचेची बाजूही मांडायला हवी, कारण तिला नावं ठेवणं फार सोपं आहे. काच पुसायला सोपी असते. एका फडक्यात दूध-आमटीचे डाग निघतात, खाचाखोचा नसतात. ज्यांनी जन्मात ओटा पुसला नाही त्यांनी काचेच्या शेगडीला हसू नये. आणि दिवसाचे चार-पाच तास जिथे उभं राहायचं ती जागा देखणी असावी असं वाटण्यात गैर काहीच नाही. शिवाय ही काच खिडकीची साधी काच नसते. तिला 600 अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे बाहेरचा थर आत दाबला जातो आणि आतला भाग ताणलेला राहतो. म्हणून ती मधोमध बसलेला बराच मार सोसते. पण याच कारणाने तिच्या कडेला टवका उडाला की सगळा ताण एकदम सुटतो आणि पूर्ण काचेचे बारीक तुकडे होतात. विज्ञानाच्या शिक्षकांना सांगायला हवं असं नाही, मोटारीच्या दाराची काच अशीच फुटते. तेव्हा काच घ्यायचीच असेल तर तिची कड धातूच्या पट्टीत बसवलेली आहे का ते बघा, आणि तापलेल्या काचेवर ओलं फडकं फिरवू नका.

स्टील घेणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये, कारण तिथे लोहचुंबकाची गंमत आहे. 'चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील अस्सल' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. ते अर्धंच खरं आहे. 304 जातीच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, त्याला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. पण 202 जातीत महागडं निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही! मीठ, चिंच, कोकम यांचा मारा झाला की ते 304च्या आधी गंजतं. उलट 430 जातीला चुंबक घट्ट चिकटतो, तरीही ते स्टेनलेस स्टीलच असतं. म्हणजे दुकानातली ही परीक्षा पास झालेला विद्यार्थी हुशार असेलच असं नाही. (परीक्षांबद्दल आपल्याला हे नवीन नाही.) त्यापेक्षा 'स्टील कोणत्या जातीचं?' असं सरळ विचारा आणि बिलावर लिहून मागा.

हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांच्या घरामागे गॅसचं ग्रिल असतं. तिथेही झाकण आरशासारखं चकचकीत, आणि आत ज्योतीवरचे पत्रे पातळ असले की दोन-तीन उन्हाळ्यांत गंजून गळायला लागतात. वर मोठ्या अक्षरांत बीटीयूचा आकडा छापलेला असतो. तो आकडा तासाला किती गॅस जाळला जाईल ते सांगतो. त्यातली किती उष्णता अन्नाला मिळेल ते झाकण किती नीट बसतं आणि पत्रा किती जाड आहे त्यावर ठरतं.

आपल्या शेगडीवर मात्र हा दुसरा हिशोब शोधता येतो. घरगुती शेगडीचं भारतीय मानक आयएस 4246 हे आहे. त्यानुसार चाचणीत किमान 68 टक्के उष्णता भांड्यापर्यंत पोहोचली पाहिजे. आता व्यस्त प्रमाणाचं गणित करू. समजा 68 टक्क्यांच्या शेगडीवर 14.2 किलोचा सिलिंडर 34 दिवस पुरतो. बर्नर वाकून कार्यक्षमता 60 टक्क्यांवर आली, तर तेवढाच स्वयंपाक करताना तो 30 दिवसांत संपेल. चार दिवसांचा गॅस हवेत. हा खर्च शेगडीच्या किमतीत कोणी धरत नाही, पण महिन्याच्या हिशोबात तो येतोच.

म्हणून पुढच्या वेळी तो निबंधाचा विषय द्याल तेव्हा आधी एक गृहपाठ द्या. गॅस रेग्युलेटरपाशी बंद करून, शेगडी पूर्ण थंड झाल्यावर, घरातल्या मोठ्या माणसासोबत ती तपासायची. बर्नर कशाचा आहे, स्टँड हलतो का, आयएसआयची खूण आणि मानकाचा क्रमांक कुठे आहे, हे वहीत लिहायचं. वॉरंटी कार्ड वर्गात आणायला सांगा आणि उताऱ्यासारखं वाचून घ्या: काचेला किती वर्षं, बर्नरला किती, गंज लागला तर काय, आणि बारीक अक्षरांत कोणती कलमं आहेत. मुलं काय एकेक प्रश्न काढतील बघा! जाता जाता त्या नारिंगी नळीवरची तारीखही वाचून घ्यायला सांगा. पाच वर्षं होऊन गेली असतील तर ती बदलायची असते, शेगडी नवी असो की जुनी.