वस्ती एकगठ्ठा नसते : नामपूरहून धुळ्याचा निकाल वाचताना

नामपूर नाशिक जिल्ह्यात, बागलाण तालुक्यात. पण लोकसभेला हे गाव धुळे मतदारसंघात मोडते. 20 मे 2024 ला इथे मतदान झाले आणि काँग्रेसच्या शोभा बच्छाव भाजपच्या सुभाष भामरे यांच्यापेक्षा अवघ्या 3,831 मतांनी पुढे राहिल्या. सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भामरे पुढे होते. त्यात बागलाणही होते. डिसेंबर 2023 पासून पाच महिने कांद्याची निर्यात बंद होती, शेजारच्या दिंडोरीत त्या रागाने केंद्रीय मंत्री पडल्या, तरी बागलाणने भाजपला आघाडी दिली. सहावे क्षेत्र मुस्लीमबहुल मालेगाव मध्य. तिथे बच्छाव यांना सुमारे 1 लाख 98 हजार मते, भामरे यांना पाच हजारांच्याही आत.

यावर 'व्होट जिहाद'चा शिक्का मारून मंडळी मोकळी झाली. पण सहाच महिन्यांत, नोव्हेंबरच्या विधानसभेला, त्याच मालेगाव मध्यमध्ये मते दोन मुस्लीम उमेदवारांत जवळजवळ निम्मी-निम्मी विभागली आणि एमआयएमचे मुफ्ती इस्माईल केवळ 162 मतांनी निवडून आले. मोहल्ले तेच, माणसे तीच. बदलला तो समोरचा प्रश्न. दिल्लीत कोण नको, यावर लोक एकत्र आले होते. गल्लीत कोण हवा, यावर त्यांचे मतभेद होते. यात गूढ काही नाही.

आमच्या वस्त्यांकडेही असेच पाहिले जाते. बौद्ध वस्ती म्हणजे ठरलेली मते, असे गृहीत धरून एक पक्ष प्रचाराला येत नाही आणि दुसरा आदल्या रात्री येतो. प्रत्यक्षात वंचित बहुजन आघाडीला 2019 च्या लोकसभेला राज्यभर सुमारे 37 लाख मते होती, 2024 ला ती 15 लाखांच्या आसपास आली. संविधानाचा मुद्दा पुढे आला तसा समाजातल्या अनेकांनी विचार करून मत फिरवले. ते बरोबर की चूक, यावर आमच्यातच वाद आहेत. पण गठ्ठा असा हलत नसतो.

आता मताच्या वजनाकडे या. बागलाण विधानसभा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. तिथे 2024 ला भाजपचे दिलीप बोरसे सव्वा लाखाहून अधिक मतांनी जिंकले. त्या निवडणुकीत नामपूरच्या एखाद्या वस्तीने काहीही केले असते तरी निकाल तोच लागला असता. लोकसभेचे तसे नव्हते. मतदारसंघात मतदान झाले साधारण 60 टक्के. हजार मतदारांचा एक बूथ धरला तर चारशे जण आलेच नाहीत. अशा दहा बूथांवरचे गैरहजर मिळूनच 3,831 चा आकडा ओलांडतात. कुणी कुणाला मत दिले यावर आम्ही रात्र रात्र भांडतो. कोण गेलेच नाही, हे मात्र विचारत नाही. नोकरीसाठी नाशिक, पुणे, सुरत गाठलेली पोरे, लग्न होऊन गेलेल्या मुली, मयत आजोबा यांची नावे यादीत तशीच राहतात, आणि अठरा पूर्ण झालेल्यांची चढत नाहीत. टक्केवारी कमी दिसण्यात उदासीनतेइतकाच या बिघडलेल्या यादीचा हात असतो. 1928 ला सायमन कमिशनपुढे बाबासाहेबांनी सरसकट प्रौढ मताधिकार मागितला होता, हे आठवले की ही ढिलाई जास्तच टोचते.

दुसरी गोष्ट भीतीची. मत गुप्त असते, पण वस्तीचे मत गुप्त राहत नाही. मोजणी यंत्रागणिक होते आणि फॉर्म 20 मध्ये बूथवार आकडे छापून येतात. लहान गावात कुठल्या बूथवर कुठली गल्ली, हे सगळ्यांना ठाऊक असते. मग रस्ता, नळ, घरकुल यांत हिशेब चुकता होण्याची धास्ती राहते. अनेक बूथांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर यंत्र आणावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने 2008 मध्ये दिला, विधी आयोगाने 2015 च्या 255 व्या अहवालात तशी शिफारसही केली. ते अजून आलेले नाही. या मागणीचे निवेदन आमच्या एकाही मोर्चात आम्ही पाहिलेले नाही.

तोवर तोच फॉर्म 20 आपणही वाचू शकतो. आपल्या यादीभागाचे आकडे काढा, मतदार यादी घेऊन विहारात बसा, घरागणिक खुणा करा. नवीन नावाला फॉर्म 6, वगळायला 7, पत्ता बदलायला 8. दोन रविवारचे काम आहे, आणि ते निवडणूक जाहीर होण्याआधीच केलेले बरे.