आधी सांगाडा, मग आरसी बुक

डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या गॅरेजांतून सध्या एक प्रश्न वारंवार येतो आहे. गिऱ्हाईक वाडीवाला, चिकूचा हंगाम बरा गेलेला, आणि त्याला उघडी, दोन सीटची, हलकी स्पोर्ट्स गाडी हवी आहे. कुठेतरी जुनी सापडली आहे, घेऊ का, असे तो विचारतो. नाहीतर मोबाइलवर फोटो दाखवून म्हणतो, "मिस्त्री, हीच बनवून द्या." अशा वेळी काय सांगावे?

आमचे मत सरळ आहे. कागद शाबूत असलेली जुनी गाडी असेल, तर खाली आडवे पडून तपासा आणि पसंत पडली तर खुशाल घ्यायला सांगा. नवी बनवायची असेल तर रस्त्यासाठी बनवू नका, हात कितीही शिवशिवले तरी. या दुसऱ्या वाक्यावर आमचे निम्मे वाचक नाराज होतील याची कल्पना आहे, म्हणून थोडे मुळापासून.

या जातीच्या गाड्यांचा मूळपुरुष लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमनने 1957 साली ती इंग्लंडात काढली. पाइपांचा सांगाडा, त्यावर पातळ पत्रा, पुढे इंजिन, मागच्या चाकांना जोर आणि वजन पाच क्विंटलच्या आसपास. छत नावापुरते. ती सुट्या भागांत विकण्यामागे काही तत्त्वज्ञान नव्हते. तयार मोटारीवर खरेदी-कर लागे, सुट्या भागांवर लागत नसे, एवढाच हिशेब. जोडणीची पुस्तिका सोबत दिली तर सवलत जाई, म्हणून चॅपमनने गाडी खोलण्याची कृती छापली आणि गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून वाचावी अशी सोय केली, असे सांगतात. (आपल्याकडच्या कुठल्याही कर-सल्लागाराला हे सहज सुचले असते.) 1973 मध्ये तिथे व्हॅट आला, सवलत संपली, आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. केटरहॅम आजही ती बनवते. तिच्या 170 या मॉडेलात सुझुकीचे 660 सीसीचे टर्बो इंजिन बसते, 84 अश्वशक्तीचे, आणि गाडीचे वजन 440 किलो. आपल्या नेहमीच्या वॅगनारचे वजन याच्या जवळपास दुप्पट. मजा इंजिनातून येते, हा गिऱ्हाइकाचा समज इथेच काढून टाकावा. ती वजन काढून टाकल्यामुळे येते.

हा प्रकार आपल्यापासून फार लांबही नाही. अलिबागजवळ कार्लेखिंडीत गुइडो बोथे हे मूळचे जर्मन गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी शमा बोथे यांनी चिंकारा मोटर्स उभी केली. त्यांची 'रोडस्टर 1.8 एस' सेव्हनच्याच धर्तीची. आत पाइपांचा सांगाडा, वर फायबरची बॉडी आणि इसुझूचे 1.8 लिटरचे पेट्रोल इंजिन. कॉन्टेसा आणि अँबॅसिडरमुळे हे इंजिन आपल्या कितीतरी मिस्त्र्यांच्या हाताखालून गेलेले आहे. तिकडे गोव्यात सॅन मोटर्सने 'स्टॉर्म' काढली. तीही उघडी, फायबरचीच, पण रेनॉचे 1149 सीसीचे इंजिन आणि पुढच्या चाकांना जोर. दोन्ही गाड्या थोड्याच निघाल्या. आज बाजारात जुनी म्हणून फिरते ती बहुधा या दोहोंपैकी एक, नाहीतर कुणीतरी जीपच्या किंवा कॉन्टेसाच्या कागदांवर उभी केलेली तिसरीच काहीतरी. तिसरीला हात लावू नये.

आता तपासणी. बोनेट उघडायच्या आधी सीट काढा. गिऱ्हाईक इंजिनाचा आवाज ऐकायला आतुर असतो, त्याला चहा पाजा. सीटखालचे कार्पेट उचला. उघड्या गाडीत पाणी येणारच; ते बाहेर कुठून जाते हे पाहायचे असते. कार्पेट खालून ओले असेल आणि फ्लोअरला निचऱ्याचे भोक नसेल, तर निम्मा निर्णय तिथेच झाला. मग गाडी रॅम्पवर घ्या आणि खालच्या चौकोनी पाइपांवर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकत पुढून मागे चला. चांगला पाइप खणखणतो, आतून खाल्लेला बद्द वाजतो. मागच्या सस्पेन्शनचे ब्रॅकेट जिथे पाइपला वेल्ड केले आहे, तिथे टॉर्च तिरका धरून पाहा. रंगात केसभर रेघ असेल आणि तिच्यातून तांबूस ओघळ आला असेल, तर तो रंगाचा तडा नव्हे, लोखंडाचा आहे. आगर, नरपड, चिखले, बोर्डी अशा समुद्राला लागून गेलेल्या रस्त्यावर गाडी वर्षानुवर्षे उभी राहते तेव्हा ती वरून चकाचक दिसते, कारण फायबर गंजत नाही. खाली काम चालू असते.

फायबरचे परीक्षण त्यामानाने सोपे. बिजागऱ्या, हूडचे खिळे आणि आरशाचे बूड या ठिकाणी जेलकोटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. आपल्याकडचा हमखास गुन्हा म्हणजे तिथे वरून लांबी भरून रंग मारणे. सहा महिन्यांत चीर पुन्हा उभी. दुरुस्ती मागून करायची असते. आतली बाजू खरवडून कोरडी करावी, मग मॅटचे थर द्यावेत, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा, आणि वरचा जेलकोट सर्वांत शेवटी. हे काम जुलैत घेऊ नये. दमट मॅटला रेझिन धरत नाही. झाईपासून सातपाटीपर्यंत फायबरच्या होड्या आल्या तशी हे सगळे हाताने जाणणारी माणसे किनाऱ्यावर तयार झाली आहेत. कोणत्या हवेत हार्डनर किती घालायचा हे आपल्या डेंटरपेक्षा त्यांना जास्त कळते. त्यांना गॅरेजमध्ये बोलवा आणि मजुरी नीट द्या. एक गोष्ट मात्र पोरांना ओरडून सांगायची: कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधी ओतायचे नाहीत, भडका उडतो.

इलेक्ट्रिशियनसाठी वेगळा परिच्छेद हवा, कारण या गाड्यांच्या निम्म्या तक्रारी तिथल्याच. आपली सगळी सवय पत्र्याच्या बॉडीची. दिव्याची एक वायर आणली, दुसरे टोक बॉडीला लावले, अर्थ मिळाला. फायबरला अर्थ मिळत नाही. प्रत्येक दिव्याची अर्थ वायर वेगळी ओढून सांगाड्यावर आणावी लागते आणि ती जागा रंग खरवडून, बोल्ट कसून, वर ग्रीस लावून झाकावी लागते. इंडिकेटर दिला की टेल लॅम्प मिणमिणतो, ब्रेक दाबला की हॉर्न बारीक वाजतो, अशी गाडी आली तर बॅटरी बदलू नका, रिले बदलू नका. अर्थ शोधा.

टायरवाल्यालाही आवरावे लागते. तो सवयीने 32 भरतो. एवढ्या हलक्या गाडीला अठरा-वीस पुष्कळ होतात. 32 भरले की ती दगडी होते, वळणावर उडते, आणि मालक शॉकॲब्सॉर्बर बदलून मागतो. ब्रेकचेही तसेच आहे. अवजड गाडीचे मागचे ड्रम हलक्या सांगाड्याला लावलेले असतील तर मागची चाके आधी जाम होतात. पहिल्या पावसात ते कळते, पण तेव्हा कळून उपयोग नसतो.

सीटबेल्टचे बोल्ट कुठे गेले आहेत ते हात घालून पाहा. फायबरच्या फ्लोअरमध्ये वॉशर लावून कसलेला बेल्ट हा शोभेचा आहे. तो सांगाड्याच्या पाइपात वेल्ड केलेल्या बुशातच गेला पाहिजे. 4 सप्टेंबर 2022ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. गाडी जगातल्या सुरक्षित गाड्यांपैकी होती आणि मागच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते. आपला गिऱ्हाईक त्याच राष्ट्रीय महामार्ग 48वर, ट्रेलरच्या चाकाच्या नटाइतक्या उंचीवर डोके ठेवून निघणार आहे. त्याला स्पष्ट सांगा, ही गाडी समुद्राकाठच्या रस्त्याची आणि सकाळी सहाची. आच्छाडच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेत शिरायची नाही. स्पीडब्रेकरही तिरकेच घ्यायचे, ऑइल पॅन खाली लोंबत असते.

सांभाळण्याबद्दल फार लिहीत नाही. पावसाळ्याचे चार महिने ती उभीच राहते. प्लास्टिकचे कव्हर घातले की आत वाफ धरते, जाड सुती कापड बरे. चिकूच्या झाडाखाली ठेवू नये. चीक, पडलेली फळे आणि रात्री येणारी वटवाघळे मिळून रंगाचे जे करतात ते पॉलिशने निघत नाही. उंदरांना नव्या वायरिंगची चव कळते, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह काढूनच ठेवा.

कागदांकडे मात्र वेळ काढून पाहा. चासी नंबर फक्त रिव्हेट केलेल्या प्लेटवर आहे की पाइपवरही ठोकलेला आहे, आणि तो आरसी बुकाशी जुळतो का? गाडी गोव्याची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म 28 आधी, मग मालकीबदलाचे 29 आणि 30, आणि आपल्याकडचा नंबर घेण्यासाठी 27. सीमेवर राहतो म्हणून डीएन-09 किंवा जीजे-15 वर वर्षानुवर्षे गाडी चालवायची आपल्याकडे रीतच पडली आहे. कायदा बारा महिने देतो, त्यानंतर नवा नंबर घ्यावाच लागतो. या गाड्यांपैकी बहुतेकींची पहिली पंधरा वर्षे उलटून गेली आहेत, म्हणजे पासिंगचे नूतनीकरण झाले आहे का आणि पुढच्या पाच वर्षांचे कधी आहे हे व्यवहाराच्या आधी पाहायचे. विक्रेता "ते होऊन जाईल" म्हणाला तर त्यालाच आधी करून द्यायला सांगा.

आता 'बनवून द्या'चे. हाताची कमतरता नाही हे वर आलेच. आपल्याकडे वेल्डर आहेत, होडीचे फायबरवाले आहेत, भंगारात इंजिने आहेत. अडते ते पासिंगला. नव्या गाडीच्या नोंदणीला उत्पादकाचा फॉर्म 22 लागतो आणि त्याच्या मागे केंद्रीय मोटार वाहन नियम 126 खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासलेला नमुना लागतो. परीक्षा मॉडेलची होते, एकट्या गाडीची नव्हे. खर्च एका गाडीसाठी करा नाहीतर एक लाख गाड्यांसाठी करा. त्यात 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6, त्याआधीच एबीएस, एअरबॅग आणि धडक-चाचणी. हे नियम चुकीचे नाहीत. चारोटीच्या रस्त्यावर राहणाऱ्याने तसे म्हणू नये. पण कार्लेखिंडीतल्या शेडसारखी शेड आज नव्याने सुरू होऊ शकत नाही याचे कारण तेच आहे.

मग पळवाट म्हणून जुन्या गाडीचे कागद ठेवायचे आणि वरची गाडी बदलायची. हे कलम 52 खाली बेकायदा आहे. उत्पादकाने दिलेली मूळ रचना बदलता येणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिला फोटो चासीचा काढतो.

दुसरीकडे पाहा. इंग्लंडात घरी जोडलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते आणि ती पास झाली की नंबर मिळतो. अमेरिकेने 2015 च्या कायद्याने छोट्या उत्पादकाला वर्षाला 325 प्रतिकृती-गाड्यांची वाट करून दिली. आपल्या सरकारने 2018 मध्ये परदेशी प्रमाणपत्र असलेल्या मोटारी इथे पुन्हा न तपासता, दरवर्षी अडीच हजारांपर्यंत, आयात करायला मुभा दिली. म्हणजे कमी संख्येच्या गाडीला वेगळी वागणूक देता येते हे सरकारलाही मान्य आहे. ती गाडी बोटीतून उतरलेली असावी एवढीच अट. वर्षाला पंचवीस-पन्नास गाड्या करणाऱ्या इथल्या शेडसाठी तसाच दरवाजा असावा. सांगाडा, ब्रेक, बेल्ट आणि धूर यांची एकेका गाडीवर कडक तपासणी, तीही पैसे घेऊन. नियमांचे मसुदे राजपत्रात येतात तेव्हा हरकती-सूचनांना मुदत दिलेली असते. बसवाल्यांच्या संघटना त्या मुदतीत पत्रे लिहितात, फॅब्रिकेशनवाले लिहीत नाहीत. पुढचा मसुदा आला की आम्ही तो मराठीत छापू.

तोवर ज्यांचे हात शांत बसत नाहीत त्यांनी वाडीच्या आत चालवायला बनवावी, किंवा अभियांत्रिकी कॉलेजांची मुले 'फॉर्म्युला भारत' आणि 'बाहा'साठी पाइपांचे सांगाडे जोडतात त्यांना वेल्डिंग शिकवावे. त्यांचे वेल्ड आम्ही पाहिले आहेत. शिकवण्याची गरज आहे.

आणि एक विनंती. कॉन्टेसा 2002 मध्ये बंद झाली, अँबॅसिडर 2014 मध्ये. इसुझूचे गिअरबॉक्स, क्लच प्लेट, वॉटर पंप, कार्ब्युरेटर कुणाच्या मागच्या खोलीत पडून असतील तर किलोवर विकू नका. काय आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि किमतीची अपेक्षा काय, एवढे पोस्टकार्डावर कळवा. पुढच्या अंकापासून शेवटच्या पानावर यादी विनामूल्य छापतो.